अनवरीबींची पेन्सिल

उस्मानपुऱ्यातल्या अनवरीबींनी आयुष्याची तीस वर्षं अर्ध्या जिल्ह्याचे मुरूम घालवण्यात काढली, आणि त्यातल्या एकाही माणसाला त्यांनी काम करताना कधी समोर पाहिलं नाही. वैद्य वगैरे नव्हत्या त्या. फोटोग्राफरची बायको होत्या. नवरा, मोहियोद्दीन, पुढच्या खोलीत फोटो काढायचा. मागच्या खोलीत, पडद्याआड, खिडकीपाशी बसून अनवरीबी त्या फोटोतल्या माणसांना देखणं करायच्या. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नवरदेवाच्या नाकावर ऐन लग्नात उगवलेला फोड, सगळं त्यांच्या पेन्सिलीखाली नाहीसं व्हायचं. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, "वा मोहियोद्दीनभाई, काय कॅमेरा आहे तुमचा!" मोहियोद्दीन नम्रपणे मान हलवायचा, आणि पडद्याआड अनवरीबी तोंडाला ओढणी लावून हसायच्या.

काम असं होतं. त्या काळी फोटो म्हणजे काळापांढराच, आणि निगेटिव्ह चांगली पोस्टकार्डाएवढी. खिडकीशी एक उतरतं मेज होतं. त्याच्या मधोमध चौकोनी भोक, भोकावर दुधी काच, आणि खाली आरसा ठेवून वर फेकलेला उजेड. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं तिच्यावर बारीक रेघा भरायच्या. निगेटिव्हमध्ये जग उलटं असतं. काळे केस पांढरे दिसतात, गोरे गाल काळे. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं आरपार, काचेसारखा दिसतो. तो पेन्सिलीनं भरला की छापताना तिथून उजेड जात नाही आणि कागदावर डाग उमटत नाही. नुसत्या फिल्मवर पेन्सिल धरत नाही, म्हणून आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली राळ चोळून ती जरा खरखरीत करून घ्यायची. एवढंच. एवढंच म्हणायचं आणि वर्षानुवर्षं मान मोडून बसायचं.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. मोहियोद्दीननं पहिल्याच महिन्यात विचारलं, "तांदूळ निवडता येतात ना? मग हेही येईल." आणि आलं. सहा महिन्यांत बायकोचा हात आपल्यापेक्षा बारीक चालतो हे त्यानं चारचौघांत कबूल केलं. एवढं कबूल करणारे नवरे आजही बोटांवर मोजण्याइतकेच सापडतील, तेव्हाची तर गोष्टच सोडा.

गिऱ्हाइकांपुढं यायचा रिवाज घरात नव्हता. त्यामुळे अनवरीबींना सगळं गाव माहीत होतं, पण उलटं. कधी सासूबरोबर शहागंजच्या बाजारात गेल्या की भाजी घेता घेता एकदम थबकायच्या. समोरच्या भाजीवाल्याच्या भुवईत जुनी खोक. "हा तो!" त्यांच्या मनात यायचं. "ही खोक मी मोठ्या मेहनतीनं घालवली होती, आणि हा बाबा ती घेऊन खुशाल हिंडतोय!" त्यांना खरोखरच राग यायचा. घरी येऊन त्या हे नवऱ्याला सांगायच्या आणि तो पोट धरून हसायचा.

मग रंगीत फोटो आले. त्या फिल्मवर पेन्सिल चालेना. हळूहळू मागच्या खोलीतल्या मेजावर लोणच्याच्या बरण्या आल्या. मोहियोद्दीन जाऊन बारा वर्षं झाली, आणि मुलगा तौफिक स्टुडिओच्या जागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. जुन्या निगेटिव्हची पोती त्यानं भंगारवाल्याला दिली. त्यातून चांदी काढतात म्हणे. एक पत्र्याचा डबा तेवढा वाचला, कारण भंगारवाला आला तेव्हा अनवरीबी त्या डब्यावर बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या.

त्या डब्याची खरी वारस निघाली नात, निलोफर. ही पोरगी चित्रकला शिकते, आणि सगळ्या जगाचे फोन रंगांनी भडकलेले असताना हिला काळ्यापांढऱ्या फोटोंचं वेड लागलं. आजोबांचा जुना कॅमेरा तिनं दुरुस्त करून घेतला. न्हाणीच्या खिडकीला घोंगडी ठोकून तिथं डार्करूम केली. घरातली माणसं आंघोळीला ताटकळायची, पण दादीचा पाठिंबा असल्यामुळं कुणाची बोलायची टाप नव्हती. या वेडाला अनवरीबींनी स्वतःचं तत्त्वज्ञान पुरवलं होतं. त्या म्हणायच्या, "रंगीत फोटोत माणूस आधी साडी बघतं, मग दागिने, मग मागचा पडदा. चेहऱ्यावर येईस्तोवर दमून जातं. काळ्यापांढऱ्यात बघायला दुसरं काय असतं? सीधं चेहऱ्यावरच यावं लागतं."

निलोफर चेष्टेनं म्हणायची, "दादी, तुम तो चेहरे मिटाते थे."

"दाग मिटाई मैं," अनवरीबी ठणकावून सांगायच्या. "चेहरे नहीं."

हे त्यांच्या आयुष्याचं वाक्य होतं. याच्यावर त्यांची सारी इज्जत उभी होती. म्हणून पुढं जे घडलं ते त्यांना इतकं लागलं.

जानेवारीतल्या एका दुपारी तौफिकच्या दुकानात सिल्लोडहून एक बाई आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, अंगणवाडी सेविका, नाव पारूबाई. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक जुना फोटो काढला आणि पुठ्ठ्याच्या मागचा पुसट शिक्का दाखवला. "हा स्टुडिओ इथंच होता का हो?" तौफिकनं शिक्का पाहिला, वडिलांचं नाव वाचलं आणि त्यांना मागच्या खोलीत आईकडं घेऊन आला.

फोटोत विशी-बाविशीतली एक तरुणी होती. नाकात नथ, डोक्यावरून पदर, टवटवीत नितळ चेहरा, धुतल्या तांदळासारखा.

"ही मपली माय, गया," पारूबाई म्हणाल्या. "मी सव्वा वर्साची असतानी तापानं गेली. मावशीनं वाढवलं मला, सरूबाईनं. तिच्यापायी आले मी चाची."

चहा येईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. सरूबाई आणि गया सख्ख्या बहिणी. लहानपणी जत्रेत एका गोंदणारणीसमोर दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि दोघींनी हनुवटीवर सारखंच गोंदून घेतलं, वर एक ठिपका, खाली दोन. चुलीच्या तीन दगडांसारखे. सून म्हणून कुठंही गेलो तरी आपण एका चुलीच्या, अशी त्यामागची बोली. पुढं गयाचा नवरा कडुबा शहरात छापखान्यात लागला आणि गया त्याच्याबरोबर इथं राहायला आली. त्यानं हौसेनं तिचा फोटो काढला आणि एक प्रत सिल्लोडला, सरूबाईच्या सासरी धाडली. सगळ्यांनी पाहिला. हनुवटी कोरी! सरूबाईच्या मनानं घेतलं की बहिणीला शहराची हवा लागली. अडाणी दिसू नये म्हणून पावडर फासून गोंदण लपवलं. आपली लाज वाटली तिला. जावा-नणंदांनी त्यात तेल ओतलं. सरूबाईनं बोलणं टाकलं, आणि दोन वर्षांत गया गेली.

"मावशीनं मला पोटच्या लेकीवानी सांभाळलं," पारूबाई म्हणाल्या. "पन हा फोटू ट्रंकेच्या तळाला. मायचं नाव कधी तोंडातून नाय. आता दिवाळीत पडली, तवापासून बाजंवरच हाय. आन डोळा लागला की बडबडती, 'लपवलंस गं, मपल्यापासून लपवलंस.' मला ऐकवत नाय चाची. मला एवढंच सांगा, त्या दिशी मायनं खरंच लपवलं होतं का? लपवलं असंल तर असंल. मी मावशीला काय सांगनार नाय. पन नसंल लपवलं तर..."

तिथंच बसलेल्या निलोफरनं मोबाइलवर फोटो मोठा करकरून पाहिला. नितळ हनुवटी, बाकी काही नाही. ती दादीकडं पाहू लागली.

अनवरीबींनी फोटो हातात घेतला तेव्हाच पुठ्ठा उलटून शिक्का पाहिला होता. गोंदण म्हणजे काळे ठिपके. निगेटिव्हवर ते आरपार दिसणार, आणि फिल्मवर धूळ बसून पडलेली भोकंही तशीच आरपार दिसतात. जुन्या हाताला फरक कळतो. नव्या हाताला? आणि पुठ्ठ्यावर शिक्का होता त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचा. नंतरचा शिक्का वेगळा होता, हे त्यांच्याशिवाय आता कुणालाच माहीत नव्हतं.

"बघते," त्या म्हणाल्या. "निगेटिव्ह असली तर कळेल. तुमचा नंबर देऊन जा."

पारूबाई गेल्या. अनवरीबींनी दोन दिवस डब्याला हात लावला नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सगळ्या निगेटिव्ह भंगारात गेल्या म्हटलं असतं तर पारूबाईंनी विश्वास ठेवला असता. तौफिकनं तर साक्षच दिली असती. आणि समजा गयानं खरंच पावडर लावली असेल, तर उगाच उकरून काय मिळणार? अशी स्वतःची समजूत घालत त्या मेथी निवडायच्या आणि पानं टाकून काड्या पातेल्यात ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी निलोफरनं ते पातेलं पाहिलं.

"दादी, तुम डर रहे क्या?"

"हौ," अनवरीबी म्हणाल्या. इतकं सरळ उत्तर त्यांनी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.

डबा उघडला. तो वाचवण्याचं कारणच असं होतं की त्यात त्यांच्या पहिल्या वर्षाचं, शिकाऊ हाताचं काम होतं. मोहियोद्दीननं ते वेगळं जपून ठेवलं होतं. सगळ्यात वरच्याच लिफाफ्यावर त्याच्या झोकदार उर्दू अक्षरात लिहिलेलं होतं: गयाबाई, कडुबा छापखानेवाले. आणि खाली लाल पेन्सिलीनं: अनवरीनं एकटीनं केलेली पहिली. शाबास.

मग त्यांना आठवलं. मोहियोद्दीन दोन दिवस फर्दापूरला गेला होता, अजिंठा बघायला आलेल्या कुठल्याशा पाहुण्यांचे फोटो काढायला. एरवी तो कच्च्या प्रतीवर लाल खुणा करून द्यायचा, हा डाग काढ, ही रेघ ठेव. त्या वेळी खुणा नव्हत्या. त्या नव्यानवेल्या सुनेनं ठरवलं की नवरा परत येईपर्यंत आपल्या मनानं अख्खा चेहरा करून दाखवायचा. दाखवला. चेहरा त्यांना आता आठवत नव्हता, शाबासकी आठवत होती. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका बाईच्या निगेटिव्हवर पेन्सिल टेकवताना मोहियोद्दीननं त्यांचा हात धरला होता. "हे गोंदण आहे. हा यांचा दागिना. याला कधी हात लावायचा नाही." त्यानंतर त्यांनी कधी लावला नाही. पण आधी?

खिडकीच्या उजेडात निलोफरनं निगेटिव्ह तिरकी धरली. पेन्सिलीचा मंद चकाकणारा थर साऱ्या चेहऱ्यावर होता. नव्या हाताचा उत्साह तो, गाल, कपाळ, हनुवटी, काही म्हणून सोडलेलं नव्हतं. खाली काय आहे ते पुसल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. आणि छप्पन्न वर्षांची फिल्म, टर्पेंटाइननं तिचा थरच सुटला तर होतं नव्हतं तेही जाणार.

"पहले फोटो ले लेती मैं," निलोफर म्हणाली. तिनं टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवून जशी होती तशी उतरवून घेतली. मग लोणच्याच्या बरण्या खाली उतरवल्या आणि जुनं मेज पुसलं. अनवरीबी कित्येक वर्षांनी आपल्या जागेवर बसल्या.

मोतीबिंदू काढलेले डोळे, सवय मोडलेली बोटं. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला, निथळू दिला आणि डाव्या गालापासून सुरुवात केली. घासायचं नाही. टेकवायचं, थांबायचं, उचलायचं. कापूस काळा होई, त्या नवा घेत. हळूहळू गालावर बारीक आरपार ठिपके दिसू लागले. देवीचे व्रण. गया लहानपणी देवीतून उठलेली होती तर. ते पुसण्याबद्दल अनवरीबींना काही वाटलं नाही, तेव्हा सगळेच पुसून मागायचे. डोळ्यांच्या कडेला दोन रेघा आल्या. हसू दाबताना पडतात तशा.

"दादी, ये तो हँस रही," निलोफर कुजबुजली.

"चूप बैठ."

मग हनुवटी. पहिल्या बोळ्यानं काही झालं नाही. दुसऱ्यानं थर थोडा सैल झाला. तिसरा बोळा उचलला तेव्हा वर एक आरपार ठिपका दिसला. धूळ असेल. अजून धूळ असू शकते. त्यांनी नवा कापूस घेतला आणि खालची बाजू टिपली. दोन ठिपके, शेजारी शेजारी, कडा थोड्या पसरलेल्या, कातडीत मुरलेल्या हिरव्या शाईच्या असतात तशा. चुलीचे तीन दगड.

"मैं ही मिटाई," त्या म्हणाल्या.

निलोफरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अनवरीबींनी तो झटकला, उठल्या आणि भिंतीवरच्या मोहियोद्दीनच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "शाबास कशाची लिहिलीत?" त्या त्याला म्हणाल्या. "एवढे मोठे फोटोग्राफर तुम्ही, कॅमेऱ्यातून तिची हनुवटी बघितली होतीत ना? मग छापताना डोळे कुठं होते?" नवऱ्यावर त्या इतक्या मोठ्यानं कधी बोलल्या नव्हत्या. मग तिथंच खाली बसून रडल्या. आपण चांगलं काम केलं, लोकांना खुलवलं, याच भरवशावर त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. आणि त्यांच्या पहिल्याच एकटीच्या कामानं दोन बहिणी तोडल्या होत्या.

संध्याकाळच्या आत न्हाणीघरात छपाई झाली. निलोफरनं कागदावर निगेटिव्ह ठेवली, वर काच दाबली, बल्ब क्षणभर पेटवला. लाल दिव्यात कागद पाण्यासारख्या औषधात सोडला. अनवरीबी बादलीवर बसून होत्या. आधी नथीचे मणी उमटले, मग भुवया, मग सगळी गया. व्रणांची, ओठ मिटून हसणारी, हनुवटीवर ठसठशीत तीन ठिपके. आधीच्या फोटोतली बाई देखणी होती खरी, पण तशा देखण्या बायका त्या डब्यात शंभर होत्या. ही एकटीच होती. ही कुणाची तरी बहीण दिसत होती.

तौफिक म्हणाला, "अम्मी, व्हॉट्सॲपवर पाठवून देऊ." निलोफर म्हणाली, पोस्टानं मूळ प्रत पाठवू. अनवरीबींनी दोघांना गप्प केलं. "नक्को. हातानं बिघडवलं, हातानंच देऊन येणार."

आयुष्यात पहिल्यांदा त्या गिऱ्हाइकाला भेटायला निघाल्या. तौफिकनं गाडी काढली. फुलंब्री मागं गेलं, मक्याची रिकामी रानं मागं गेली, आणि सिल्लोडपर्यंत अनवरीबी ओठांतल्या ओठांत मराठी वाक्यं जुळवत होत्या. माफी कशी मागायची याचे त्यांनी चार नमुने केले. एकात देवाचं नाव आधी होतं, एकात स्वतःचं वय. निलोफर ऐकत होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

पारूबाईंना फोनवर सगळं आधीच सांगितलं होतं. त्यांनी मावशीला काही सांगितलं नव्हतं, त्यांची हिंमत झाली नव्हती. अंगणात उन्हाला बाज टाकलेली होती आणि तिच्यावर सरूबाई उशाला टेकून बसल्या होत्या. ऐंशी उलटलेली सुरकुतलेली बाई. अनवरीबींची नजर आधी गेली ती हनुवटीवर. तीन ठिपके, वयानं पसरून फिकट हिरवे झालेले. निगेटिव्हवर ज्यांना त्यांनी धूळ समजून भरलं होतं, तेच इथं जिवंत कातडीवर होते. त्यांचे पाय दारातच थांबले.

"मावशी, ह्या उस्मानपुऱ्याच्या चाची," पारूबाई म्हणाल्या. "मायचा फोटू आनलाय. दुसरा."

"मला नाय बघायचा," सरूबाई म्हणाल्या.

"एकडाव बघ."

पारूबाईंनी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि फोटो हातात दिला. सरूबाईंनी तो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. मग एक वाळकं बोट कागदावरच्या हनुवटीवर ठेवलं. "येक," त्या म्हणाल्या. बोट सरकलं. "दोन. तीन."

अनवरीबी पुढं झाल्या. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना. "बाई, तिनं नव्हतं लपवलं," त्या म्हणाल्या. "पावडर नव्हती. मी पुसलं. मी नवी होते, मला वाटलं फिल्मवरची धूळ आहे. पेन्सिलीनं भरून टाकलं. तिला काही माहीत नव्हतं. गुन्हा माझा आहे."

सरूबाई फोटोकडंच बघत राहिल्या. पारूबाई बाजेच्या पायाशी बसल्या होत्या, त्यांनी मावशीचा पाय धरला.

"ती आली होती," सरूबाई म्हणाल्या. "फोटू आल्यावर आठ दिसानं आली होती मपल्याकडं. ह्याच दारात हुबी राहून म्हनली, 'अक्का, मी नाय लपवलं. कसं झालं मला ठावं नाय.' मी म्हनले, 'फोटू खोटं बोलत नसतो. मानूस बोलतं.' आन दार लावून घेतलं. लई येळ हुबी होती भायेर. कडी वाजवत होती."

हे पारूबाईंनाही माहीत नव्हतं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"फोटोच खोटं बोलला, बाई," अनवरीबी म्हणाल्या. "मी त्याला खोटं बोलायला लावलं."

सरूबाईंनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "तुम्ही पेन्सिल चालवली," त्या म्हणाल्या. "दार तं म्याच लावलं ना."

सरूबाईंनी पदराच्या टोकानं फोटो पुसला, तो स्वच्छ होता तरी पुसला. गालावरच्या व्रणांवरून बोट फिरवलं, डोळ्यांच्या कडांवरून फिरवलं. "हसू दाबतीया बघ," त्या म्हणाल्या. "हिला कधी गुमान बसता आलं नाय." मग त्यांनी फोटो पारूबाईंपुढं धरला. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, दारात आलेल्या माणसासाठी असतो तसा.

"हिला घरात घे, पारू," त्या म्हणाल्या. "लई वर्सं झाली, दारातच हुबी हाय."